डाक आवृत्ती

रात्री पावणेनऊला फोन वाजतो.
"डाक गेली का?"
सर, डाक आवृत्ती बंद होऊन सहा वर्षं झाली,
आता खंडव्याचा अंक खंडव्यातच छापतात.
"बरं," म्हणतात अच्युत टोकेकर,
आणि फोन ठेवत नाहीत.
मागे कुकरची शिट्टी होते.

चाळीस वर्षं हिंदीत लिहिलं त्यांनी,
आकडे मात्र मोजले मराठीत, ओठांतल्या ओठांत.
एकोणऐंशी म्हणायचे आणि कागदावर थबकायचे,
उन्यासी की नवासी?
त्या थबकण्यात एकदा एका पोराच्या दहा धावा वाढल्या.
दुसऱ्या दिवशी चौकटीत सुधारणा.
पोराची आई ऑफिसात येऊन भांडून गेली,
म्हणाली, तुमचं काय जात होतं?

टोकणं त्यांच्या आडनावातच.
"'रोमांचक' काढ. रोमांच यायचा असेल तर येईल.
आधी कोण जिंकलं ते लिही. मग कोण हरलं.
मैदानातलं कडुनिंबाचं झाड शेवटी, जागा उरली तर."
जागा उरायची नाही.
माझी कितीतरी झाडं त्यांनी अशी तोडली.

संपादक झाल्यावर खुर्चीमागे एकच फ्रेम लावली.
पाहुणे विचारायचे, पुरस्कार का?

विभागीय कबड्डी, चिमणबाग,
तारेला लोंबणारे दोनशेचे बल्ब आणि त्यांच्याभोवतीचे किडे.
आपण सहा गुणांनी पुढे, तीन मिनिटं बाकी.
डाकेचं पान नऊला सुटणार.
टोकेकर सायकलवर टांग टाकून निघाले,
राजवाड्याच्या चढावर मथळा जुळला:
इंदौर विजयी.
मागे लोण चढला.
शेवटच्या चढाईत खंडव्याचा रेवाशंकर
रेषेपासून वीतभरावर दम तुटून पडला.
एका गुणानं गेलो.

शहराच्या अंकात दुरुस्त झालं.
पण तेराशे अंक तोवर मीटरगेजच्या गाडीत बसून
महू, पाताळपाणी, कालाकुंड करत
घाट उतरून गेले होते.
त्यांत आपण जिंकलो होतो.

रेवाशंकरच्या बापाचं पंक्चरचं दुकान.
पोरगा घरी पोचायच्या आत त्यानं आळीभर पेढे वाटले.
टोकेकर स्वतः गेले माफी मागायला,
खरा अंक घडी घालून पिशवीत.
बाप म्हणाला, "रहने दो साब, मावा तो असली था।"
अंक घेतला, त्याला ग्रीसचे हात पुसले.
राग नव्हता. हात पुसायचेच होते.

हे मला त्यांनी सांगितलं नाही,
त्यांच्या ड्रायव्हरनं सांगितलं, किती वर्षांनी.

एक रात्र मात्र मी पाहिली आहे.
शहरात कर्फ्यू, सगळे सामने रद्द,
शेवटचं पान कोरं.
जाहिरात टाकू का, विचारलं कुणीतरी.
टोकेकरांनी त्या दिवशीचे सगळे संघ मागवले,
शाळेशाळेच्या मुलांची नावं छापली,
सव्वादोनशे नावं, बारीक टाइपात,
सराफ्यातली, खजराण्यातली, परदेशीपुऱ्यातली,
एकाच रकान्यात, खेळले असते त्या क्रमानं.
प्रत्येक नावापुढे, गुणांच्या जागी, एक रेघ.
मथळा दिला नाही.
मालकांचा फोन आला तेव्हा ते
एका नावाची वेलांटी तपासत होते.

"आज काय आहे?"
चिमणबाग, सर. मुलींची फायनल. अजून चालू आहे.
"किती बाकी?"
तीन मिनिटं.

माझ्यासमोर पान तयार आहे,
मथळ्याची जागा मोकळी.
नवा मुलगा घड्याळाकडे बघतो, मग माझ्याकडे.
सहा गुणांनी पुढे आहेत मॅडम, सोडू का?

फोनवर कुणी काही बोलत नाही.
मग ते म्हणतात, मला नव्हे,
स्वयंपाकघरात कुणाला तरी,
"राहू दे गं गॅस. अजून एक शिट्टी होऊ दे."